तंबूतले निळूभाऊ

सिनेमाच्या ऑपरेटरला पडदा कमी आणि लोकांच्या पाठी जास्त दिसतात. टुरिंग टॉकीजमध्ये तर विचारूच नका. जुन्या ट्रकच्या हौद्यात मशीन बसवलेलं, पुढं तंबू पसरलेला आणि मी वर ट्रकमध्ये. एक डोळा कार्बनच्या कांड्यांवर ठेवायचा, कारण कांडी जळून अंतर वाढलं की उजेड पिवळा पडतो आणि पब्लिक शिट्ट्या घालतं. दुसरा डोळा रिळावर. २००० फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं, तोवर पुढचं हाताशी पाहिजे. यातून पडद्याकडं बघायला मिळायचं ते चोरून. पण पाठींवरून सगळं कळतं. लावणी आली की पाठी डुलतात. मारामारी आली की पुढची पोरं गुडघ्यांवर उठतात. निळू फुले आले की मात्र पाठी ताठ व्हायच्या आणि तंबू गप्प बसायचा.

मी मूळचा खटाव तालुक्यातला. विट्याच्या एका मालकाच्या तंबूवर मिसरूड फुटायच्या आधी तिकिटं फाडायला लागलो आणि पुढं मशीनवर गेलो. दिवाळी झाली की गाड्या बाहेर पडायच्या, त्या वळीव येईपर्यंत जत्रांमागं फिरायच्या. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पालचा खंडोबा, आणि मधल्या दिवसांत जिथं चार पैसे सुटतील तिथं. आता लेकाकडं वाघोलीत असतो, केसनंद फाट्याच्या अलीकडं, अकराव्या मजल्यावर. निळूभाऊंवर पुष्कळांनी लिहिलंय. त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी लिहिलंय, समाजवादी चळवळीतल्या मित्रांनी लिहिलंय. ते सगळे त्यांना समोरून बघणारे. मी त्यांना कधी भेटलो नाही. मी त्यांची रिळं चालवली.

आधी माणूस कुठून आला ते सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. नीळकंठ कृष्णाजी फुले, जन्म १९३० सालचा, पुण्यातला. सतराव्या वर्षी सोलापूर रस्त्यावरच्या सैन्याच्या वैद्यकीय कॉलेजात, म्हणजे एएफएमसीत, माळी म्हणून लागले. पगार महिन्याला ८० रुपये. त्यातले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. स्वतःची रोपवाटिका काढायची मनात होती, पण भांडवल नव्हतं म्हणून राहून गेली. ८० मधले १० काढून देणं म्हणजे काय, हे ज्यानं महिन्याच्या पगारावर घर चालवलंय त्यालाच कळेल. पुढं हा माणूस चाळीस वर्षं पडद्यावर दुसऱ्याचं लुबाडत राहिला आणि लोकांना ते खरं वाटलं.

सेवा दलाचं कलापथक ही त्या काळातली मोठी शाळा होती. वसंत बापट, लीलाधर हेगडे ही मंडळी त्यात होती. पु. ल. देशपांड्यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य कलापथकासाठी लिहिलं, त्यात निळूभाऊ होते. दादा कोंडके आणि राम नगरकर हे दोघेही याच वाटेनं आले. १९५७ साली निळूभाऊंनी स्वतः ‘येरागबाळ्याचे काम नोहे’ हे लोकनाट्य लिहिलं. संयुक्त महाराष्ट्राची धामधूम चाललेली, गावोगाव सभा. लोकांना दोन तास जागेवर बसवायचं आणि शेवटी एक मुद्दा त्यांच्या डोक्यात घालून घरी पाठवायचं, हे काम तिथं शिकायला मिळायचं. नाटकाच्या थेटरात प्रेक्षक तिकीट काढून येतो, म्हणून निदान बसून राहतो. चावडीपुढं जमलेला माणूस कंटाळला की उठून विडी ओढायला जातो. हे ज्याला सांभाळता आलं त्याला तंबू सांभाळणं अवघड नाही.

मग शंकर पाटलांचं वगनाट्य आलं, ‘कथा अकलेच्या कांद्याची’. त्याचे प्रयोग महाराष्ट्रभर झाले आणि निळूभाऊंचं नाव झालं. त्यावरूनच अनंत मान्यांनी त्यांना सिनेमात घेतलं. माने म्हणजे तमाशापटाचे बादशहा. त्यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या विजयानंद थेटरात सव्वाशेहून जास्त आठवडे चालला होता. त्यांचाच १९६८ चा ‘एक गाव बारा भानगडी’. कथा पुन्हा शंकर पाटलांचीच. त्यात निळूभाऊ झेले अण्णा झाले. तेव्हा वय अडतिसाच्या घरात. त्या वयात आमच्याकडं नट म्हातारा व्हायला लागतो, यांचं तिथून सुरू झालं.

आता पाटलाचं सांगतो. निळूभाऊ म्हटलं की पाटील, हे समीकरण इतकं घट्ट बसलंय की त्यातली गंमत कुणाच्या लक्षात येत नाही. महाराष्ट्रात पाटीलकीचं वतन १९६२ च्या कायद्यानं रद्द झालं. पिढीजात पाटील गेला, दप्तर तलाठ्याकडं गेलं. १९६७ ला पोलीस पाटलाचा वेगळा कायदा झाला, त्यात नेमणूक सरकारी आणि मानधनावरची. म्हणजे झेले अण्णा पडद्यावर आले तेव्हा खरा वतनदार पाटील कायद्यानं संपून सहा वर्षं झाली होती. मग निळूभाऊ कुणाचं सोंग घेत होते?

माझं मत असं की त्यांनी जुना पाटील फार कमी वेळा केला. त्यांनी केला तो नवा. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या, गावोगाव सोसायट्या आल्या, प्रवरानगरनं १९५० साली रस्ता दाखवल्यापासून सहकारी साखर कारखाने उभे राहत होते. जुन्या पाटलाला सत्ता बापाकडून मिळायची, ती मिळवायला त्याला हसावं लागत नव्हतं. नव्याला मतं मागायची होती. त्याला खांद्यावर हात ठेवावा लागायचा, ‘काय आबा, बरं आहे ना?’ विचारावं लागायचं, आणि मग रात्री काय करायचं ते करावं लागायचं. हे हसू निळूभाऊंनी बरोबर पकडलं. त्यांच्या आधीचे खलनायक आल्या आल्या ओळखू यायचे. बाबूराव पेंढारकरांसारखा जबरदस्त नटसुद्धा दरारा घेऊनच पडद्यावर यायचा. निळूभाऊ तुमची विचारपूस करत यायचे.

तंबूतल्या आवाजाबद्दल सांगायचंच आहे, कारण हे थेटरात बसून पाहिलेल्यांच्या अनुभवात नसतं. आमचा आवाज भोंग्याचा. तंबूमागं जनरेटर, शेजारी दुसऱ्या मालकाचा तंबू, पलीकडं मौत का कुआँ, त्याच्या पलीकडं तमाशाचा फड आणि मध्ये भेळवाल्यांचे गॅसबत्तीवाले गाडे. त्या कालव्यात कोल्हापूरच्या स्टुडिओतले सगळे नट ओरडून बोलायचे आणि ते बरोबरच होतं. निळूभाऊ मात्र कामाच्या वाक्याला आवाज खाली घ्यायचे. अगदी घशात. मालक तिकीट खिडकीवरून हाक मारायचे, “आरं आवाज वाढव!” वाढवला की रिळावरच्या ओरखड्यांची खरखर वाढायची, शब्द काही वर यायचा नाही. शेवटी मी वाढवायचं सोडून दिलं. लोकच गप्प व्हायचे. पोरं रडायची थांबत नाहीत, पण आया त्यांना पदराखाली घ्यायच्या. पुढं झुकून ऐकायचे लोक. ज्याचं ऐकायला तुम्हाला पुढं झुकावं लागतं त्याच्यापुढं तुम्ही झुकलेलेच असता. नवा पाटील गावाला असाच झुकवतो. हे त्यांनी ठरवून केलं की अंगातच होतं, मला ठाऊक नाही. कलापथकात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला ते ठाऊक नसेल असं वाटत नाही.

दुसरी गोष्ट रीळ जोडण्याची. आमच्याकडं पेटी येईपर्यंत प्रिंट शहरातून, तालुक्यातून, चार तंबूंतून फिरून आलेली असायची. भोकं फाटलेली, जागोजाग डकवलेली. तुटली की दोन्हीकडच्या चार-सहा फ्रेम कापायच्या, टोकं खरवडायची, सिमेंट लावून दाबायची. सेकंदाला २४ फ्रेम जातात, म्हणजे सहा गेल्या तर पाव सेकंद गेला. मारामारीत पाव सेकंद गेला तर उलट बरं, ठोसा जोरात वाटतो. गाण्यात ठेका चुकतो, पण लोक सोडून देतात. निळूभाऊंच्या सीनमध्ये पाव सेकंद कापला तर सीन पडायचा. ते दोन शब्दांच्या मध्ये थांबायचे, डोळे हलवायचे, मग पुढचा शब्द. ती मधली जागा गेली की उरायचं ते साधं वाक्य, कुणीही म्हणावं असं. मी त्यांच्या सीनला कात्री लावताना रीळ उजेडासमोर धरून बघायचो आणि शक्यतो ते बोलत असतानाचे तुकडे टाकायचो, गप्प असतानाचे ठेवायचो. दुसऱ्या कुठल्या नटाच्या बाबतीत मला असं करावं लागलं नाही.

बायांच्या शिव्यांचं तर सगळ्यांनाच ठाऊक आहे. आमच्या तंबूत मध्ये कनात असायची, एका अंगाला गडी, एका अंगाला बाया. कनातीच्या त्या बाजूनं “मुडदा बशिवला ह्याचा” हे निळूभाऊंच्या वाट्याला हमखास यायचं. गावात गेले तर बाया खरोखरच तोंडावर शिव्या द्यायच्या, असं त्यांच्याबद्दल कायम सांगितलं जातं. राजशेखरही खलनायक होते, त्यांनाही लोक शिव्या घालायचे. पण फरक होता. राजशेखरला शिवी देणारी बाई सिनेमातल्या माणसाला शिवी देत होती. निळूभाऊंना देणारी बहुतेक वेळा गावातल्या कुणाला तरी देत होती, नाव घ्यायची सोय नव्हती म्हणून.

याचा पुरावा मला इथंच, वाघोलीत मिळाला होता. तेव्हा वाघोली म्हणजे नगर रस्त्यावरचं खाणींचं गाव. सुरुंगाचे आवाज, खडी मशीनची धूळ, झाडांची पानं पांढरी. महाशिवरात्रीला वाघेश्वराची यात्रा भरायची, आणि खाणीवर मजूर भरपूर, म्हणून मालकानं तंबू इकडं आणला. लातूर, नांदेड, कुठून कुठून आलेली माणसं, दिवसभर दगड फोडून संध्याकाळी तंबूत जमिनीवर बसायची. पुढं चार खुर्च्या, त्यावर मुकादम मंडळी. खेळ निळूभाऊंचाच होता. कुठला ते आता खात्रीनं सांगत नाही, कारण तसल्या सिनेमांची पोस्टरं सारखी आणि वाडेही सारखे. पडद्यावर ते मजुरांना पैसे देताना मोजता मोजता थांबतात आणि समोरच्याच्या पोराबाळांची चौकशी करतात, असं काहीसं चाललं होतं. एवढ्यात जमिनीवरून कुणीतरी पुढं बसलेल्या एका मुकादमाचं नाव घेतलं. जोरात नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि सगळा तंबू हसला. मुकादम वळून बघायला लागले. अंधारात कुणाला ओळखणार? मी वर ट्रकमध्ये. मला फक्त पाठी दिसत होत्या, हलणाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्या खुर्च्यांवर कुणी बसलं नाही.

सेवा दलानं भाषणं करून जे सांगितलं असतं ते पाव सेकंदाच्या एका थांब्यानं झालं, असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल. त्या मुकादमानं मजुरी काही वाढवली नाही. पण नाव घेतलं गेलं हे खरं.

‘सामना’ हा त्यांचा सगळ्यात मोठा सिनेमा. विजय तेंडुलकरांचं लिखाण, जब्बार पटेलांचा पहिलाच चित्रपट, निर्माते रामदास फुटाणे. १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्याचा धनी, आणि समोर मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. एक कान-नाक-घशाचा डॉक्टर आणि एक माळी, दोघांनी मिळून मराठी सिनेमाचं वय वाढवलं. त्यात गायब झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं असा प्रश्न मास्तर विचारत राहतो, आणि हिंदुराव त्याचा पाहुणचार करत राहतो. मारहाण नाही, धमकी नाही. जेवू घालतो, प्यायला देतो, मानानं वागवतो. मी म्हटलं ना, नवा पाटील विचारपूस करतो. इथं तर सगळी सत्ताच पाहुणचारातून दाखवली आहे. हिंदुराव स्वतःला वाईट समजत नाही. गावात कारखाना आणला, रस्ते केले, पोरांना नोकऱ्या दिल्या, त्यात एखादा मारुती कांबळे गेला तर काय बिघडलं, असा त्याचा हिशेब. निळूभाऊंनी तो हिशेब इतक्या सरळपणे केला की बघणाऱ्याला क्षणभर पटतो. समाजवादी माणसानं आपल्या विरोधकाची बाजू एवढ्या इमानदारीनं मांडलेली मी दुसरीकडं पाहिली नाही. व्यासपीठावर तर नाहीच नाही.

आमचे मालक ‘सामना’ लावायला नाखूश असायचे. जत्रेत रंगीत लावणीचा खेळ ओढतो, हा काळापांढरा आणि बोलण्याचा. पण जिथं कारखान्याचा भाग असेल तिथं लावला की दुसऱ्या खेळाला गर्दी पहिल्यापेक्षा जास्त. पहिल्या खेळाचे लोक घरी जाऊन सांगायचे.

नाटकांचं थोडक्यात सांगतो, कारण ते माझं क्षेत्र नाही. १९७२ ला तेंडुलकरांचं ‘सखाराम बाइंडर’ कमलाकर सारंगांनी बसवलं. टाकलेल्या बायकांना घरी आणून ठेवणारा सखाराम निळूभाऊ झाले, लालन सारंग चंपा. सेन्सॉरनं अडवलं, सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. ती हकीकत त्यांच्या ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात आहे. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की लोकनाट्यातल्या माणसाला त्या नाटकात मध्यभागी उभं केलं गेलं, आणि पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा प्रेक्षकाला हा आवाज पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकावा लागला. जयवंत दळवींचं ‘सूर्यास्त’ नंतरचं. त्यात ते आप्पाजी, जुने गांधीवादी, ज्यांचा मुलगा मुख्यमंत्री झालाय. ते मी बालगंधर्वला मागच्या रांगेत बसून पाहिलं. पडद्यावर ज्याला आम्ही वर्षानुवर्षं वाड्यात बघत होतो तोच माणूस मळक्या धोतरात उभा राहून आपल्याच पोराला जाब विचारत होता. शेजारचा माणूस म्हणाला, “हे निळू फुले वाटत नाहीत.” मला ते पहिल्यांदा निळू फुले वाटले.

‘सिंहासन’मध्येही तसंच. अरुण साधूंच्या ‘सिंहासन’ आणि ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांवरचा जब्बार पटेलांचा १९७९ चा सिनेमा. अरुण सरनाईक मुख्यमंत्री, लागू अर्थमंत्री, सतीश दुभाषी कामगारपुढारी, आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. या माणसाच्या हातात काहीच नाही. तो फक्त बघतो, सगळ्यांच्या खोल्यांत जातो, सगळ्यांचं ऐकतो. शेवटी वेड लागल्यासारखा हसतो. हिंदुरावाचं काम ज्यानं केलं त्यालाच टिपणीस दिला, ही जब्बार पटेलांची निवड फार विचाराची. सत्तेच्या आत काय चालतं हे ज्याला आतून माहीत आहे तोच तिच्याकडं असा थकून बघू शकतो. मराठी राजकारणाचा इतिहास शिकवायचा झाला तर झेले अण्णा, हिंदुराव आणि दिगू टिपणीस हे तीन क्रमानं दाखवावेत: गाव, कारखाना, मंत्रालय. पुस्तकापेक्षा लवकर समजेल.

हिंदीत त्यांना वाया घालवलं. ‘कुली’ केला, यश चोप्रांचा ‘मशाल’ केला, आणखीही बरेच. मोठमोठ्या नटांबरोबर ते दिसतात आणि जातात. अपवाद महेश भट्टांच्या १९८४ च्या ‘सारांश’चा. त्यातला गजानन चित्रे हा पुढारी हिंदी बोलतो खरा, पण सिनेमातल्या मुंबईच्या म्हाताऱ्याच्या घरावर त्याची सावली पडते ती धोंडे पाटलाचीच. हिंदी प्रेक्षकाला त्याची मागची ओळख नव्हती, तरी तो घाबरला.

आता कडू बोलतो. अडीचशेच्या आसपास सिनेमे त्यांच्या नावावर सांगतात. त्यातले कित्येक मी चालवलेत आणि कित्येक वाईट आहेत. तोच वाडा, तोच झोपाळा, तीच शिक्षिका, तेच बोलावणं. ऐंशीच्या दशकात करपरताव्याच्या आशेवर कुणीही उठून सिनेमा काढत होतं, आणि निळूभाऊ दोन-चार दिवस येऊन गेले की पोस्टरवर चेहरा मिळायचा. पुढं नकलाकारांनी याच भागाचं दुकान मांडलं. आज माझा नातू फोनवर निळूभाऊंचे फोटो दाखवतो, खाली काहीबाही विनोद लिहिलेले, बहुतेक वाड्याचे आणि बाईचे. त्याला दिगू टिपणीस माहीत नाही. याचा काही दोष निळूभाऊंकडंही जातो. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं, निदान निम्म्यांना.

पण मिळकतीचं काय केलं तेही बघावं लागतं. पूर्ण वेळ समाजकार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन देता यावं म्हणून ऐंशीच्या दशकात सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. लागूंबरोबर निळूभाऊ त्यात पुढं होते. नाटकांचे दौरे काढून पैसे गोळा केले. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते नरेंद्र दाभोलकरांच्या बाजूनं उभे राहिले. १९९१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. ८० रुपयांतले १० देणारा माणूस पुढं बदलला नाही, एवढं म्हणता येतं.

वाघोलीला वाडा म्हटलं की इथले जुने लोक सरदार पिलाजी जाधवरावांचं नाव घेतात. शाहू महाराज आणि पहिल्या बाजीरावाच्या काळातला तो खरा वाडा. निळूभाऊंचा वाडा मात्र इथं मी वेगळ्या रूपात बघितला. खाणी आटत गेल्या, रस्ता रुंदावला, इमारती आल्या, जमिनी गुंठ्यानं विकल्या गेल्या. गळ्यात सोनं, पांढरे कपडे, मोठी गाडी, लोक ज्यांना गुंठामंत्री म्हणतात तो वर्ग नगर रस्त्याला, हिंजवडीला, मुळशीला एकदमच दिसायला लागला. त्यांच्यातलेही विचारपूस करत येतात. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची गोष्ट २०१८ साली प्रवीण तरड्यांच्या ‘मुळशी पॅटर्न’नं सांगितली आणि चांगली सांगितली, पण त्यात सगळं जोरात आहे. घशातल्या आवाजात बोलणारा गुंठामंत्री अजून कुणी केलेला नाही. निळूभाऊंनी केला असता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवरचा ‘गोष्ट छोटी डोंगराएवढी’ हा त्यांचा शेवटचा सिनेमा. १३ जुलै २००९ ला पुण्यात कर्करोगानं गेले. २०२१ साली वाघोली पुणे महापालिकेत गेली. ग्रामपंचायत संपली, सरपंच हे पदच उरलं नाही. पाटील कायद्यानं गेला तेव्हा जसा नवा पाटील आला, तसा आता कोण येतो ते दिसेलच.

आमच्या सोसायटीत गणपतीला दहा दिवस कार्यक्रम असतात. ऑर्केस्ट्रा, होम मिनिस्टर, पोरांचे नाच. कमिटीला माझी विनंती एवढीच की एक रात्र पार्किंगमध्ये पांढरा कपडा बांधा आणि ‘सामना’ लावा. दुसऱ्या वर्षी ‘सिंहासन’. नवीन मशीनला कांड्या लागत नाहीत, रीळ तुटत नाही, खर्च काही नाही. फक्त मध्ये गाणी घालू नका, आणि ते गप्प असताना पुढं ढकलू नका.